साहित्यिक अनुवादक व्हायचंय? मराठीत लेखक-अनुवादक म्हणून काम करण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कथा, कादंबरी, आत्मचरित्र किंवा वैचारिक गद्य मराठीत आणू पाहणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. अनुवाद शब्द न सापडल्यामुळे क्वचितच अडतो. तो अडतो परवानगीपाशी, करारापाशी आणि पुनर्लेखनाचा कंटाळा केल्यामुळे. म्हणून या तीन गोष्टींना इथे जास्त जागा दिली आहे.

कायद्याच्या दृष्टीने अनुवादक कोण असतो?

लेखकच. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार अनुवाद ही स्वतंत्र साहित्यकृती आहे. मूळ लेखकाचा हक्क मूळ मजकुरावर राहतो आणि तुमच्या मराठी मजकुरावरचा हक्क तुमचा असतो. तो तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. नोंदणी केली नाही तरी हक्क निर्माण होतोच. नोंदणीचं सरकारी शुल्क साहित्यकृतीसाठी ५०० रुपये आहे आणि वाद झालाच तर पुरावा म्हणून ती उपयोगी पडते.

अपवाद नोकरीचा. एखाद्या संस्थेत पगारी नोकर म्हणून तुम्ही अनुवाद करत असाल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क संस्थेचा असतो. बाहेरून काम घेणाऱ्याला हे आपोआप लागू होत नाही. त्याच्याकडून हक्क घ्यायचे तर प्रकाशकाला ते लेखी घ्यावे लागतात.

आधी अनुवाद करून ठेवला आणि परवानगी नंतर मागितली तर?

घरात बसून सरावासाठी करायला हरकत नाही. प्रकाशित करायचं असेल तर हा क्रम उलटा आणि महाग आहे. अनुवाद करून तो छापण्याचा हक्क मूळ लेखकाकडे असतो. पूर्ण कादंबरी हातावेगळी केल्यावर कळतं की मराठीचे हक्क तीन वर्षांपूर्वीच दुसऱ्या प्रकाशकाला गेलेत. असं वारंवार होतं, कारण हक्क विकले गेल्याची कुठे जाहीर नोंद नसते आणि पुस्तक बाजारात यायला वेळ लागतो. आधी पत्र पाठवा, उत्तर येईपर्यंत फार तर नमुना प्रकरण तयार करा. ब्लॉगवर किंवा फेसबुकवर क्रमशः टाकणं हेही प्रकाशनच आहे, त्यालाही परवानगी लागते.

हक्क कोणाकडे आहेत हे कसं शोधायचं? पत्रात काय लिहायचं?

पुस्तकाच्या शीर्षकपानामागचं पान काढा. तिथे © चिन्हापुढे नाव असतं. मात्र ते नाव लेखकाचं असलं तरी अनुवादाचे हक्क विकण्याचे अधिकार प्रकाशकाकडे किंवा एजंटकडे असू शकतात. म्हणून पहिलं पत्र प्रकाशकाच्या हक्क विभागाला पाठवा आणि शक्य असल्यास प्रत लेखकालाही द्या. भारतीय भाषांत बहुतेक वेळा लेखक स्वतःच निर्णय घेतात. इंग्रजीत आणि परदेशी पुस्तकांत एजंट असतो.

पत्र एका पानाचं असावं. त्यात पुस्तकाचं नाव, आवृत्तीचं वर्ष, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक), कोणत्या भाषेत हवं आहे, छापील हवं की ई-बुक आणि ऑडिओसुद्धा, पहिली आवृत्ती अंदाजे किती प्रतींची, मराठी प्रकाशक ठरला असल्यास त्याचं नाव आणि तुमच्या कामाची चार ओळींत माहिती एवढं पुरे. "मराठीचे हक्क सध्या उपलब्ध आहेत का?" हा प्रश्न पहिल्याच परिच्छेदात विचारा. प्रकाशक ठरलेला नसेल तर परदेशी हक्क विभाग सहसा पुढे बोलत नाही, कारण त्यांचा करार प्रकाशकाशी होतो, अनुवादकाशी नाही. अशा वेळी आधी नमुना घेऊन मराठी प्रकाशकाकडे जा आणि पत्र त्यांच्याकडून जाऊ द्या.

फोनवरचं "करा की, माझी काही हरकत नाही" हे परवानगीपत्र नव्हे. लेखी आणि सहीनिशी घ्या.

जुन्या पुस्तकांना परवानगी लागत नाही ना?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजतात. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. त्यांच्या लेखनावरचा हक्क २०१० अखेर संपला आणि १ जानेवारी २०११ पासून ते सर्वांना खुलं झालं. १९६५ मध्ये निधन झालेल्या लेखकाचं साहित्य १ जानेवारी २०२६ पासून खुलं. रवींद्रनाथांच्या वेळी मुदत ५० वर्षांची होती. ती संपत असतानाच कायदा बदलून ६० केली गेली, म्हणून त्यांचं साहित्य २००१ अखेर मुक्त झालं.

तीन ठिकाणी फसगत होते. मरणोत्तर पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या लेखनाची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजली जातात. नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा आणि चित्रं यांवर त्या त्या व्यक्तीचा वेगळा हक्क असतो. आणि युरोपात मुदत ७० वर्षांची आहे, त्यामुळे इथे खुलं असलेलं पुस्तक ई-बुक म्हणून जगभर विकताना अडचण येऊ शकते. करारात विक्रीचा प्रदेश भारत एवढाच ठेवला तर हा प्रश्न टळतो.

रशियन किंवा जपानी कादंबरी इंग्रजीवरून मराठीत आणायची आहे. मूळ लेखक तर शंभर वर्षांपूर्वी गेला.

मूळ कृती खुली असली तरी तुमच्या हातातला इंग्रजी अनुवाद खुला असेलच असं नाही. तो १९९० साली झाला असेल तर त्या अनुवादकाचा हक्क चालू आहे आणि त्याच्यावरून केलेला मराठी अनुवाद त्याच्या परवानगीशिवाय छापता येत नाही. दोन मार्ग आहेत. हक्क संपलेला जुना इंग्रजी अनुवाद आधाराला घ्या किंवा नव्या अनुवादाची रीतसर परवानगी काढा. कोणत्या इंग्रजी आवृत्तीवरून काम केलं ते मराठी पुस्तकात छापा. वाचकाला ते कळायला हवं.

शक्य असेल तिथे मूळ भाषा जाणणाऱ्याकडून निदान काही प्रकरणं ताडून घ्या. इंग्रजी अनुवादकाने गाळलेला परिच्छेद तुम्हाला एकट्याने कधीच सापडणार नाही.

लेखक हयात नाहीत, वारस चार आहेत. एकाची सही पुरते का?

नाही. मृत्युपत्रात हक्क एकालाच दिले असतील तर त्याची प्रत मागा. नाहीतर चौघांची संमती किंवा तिघांनी एकाला दिलेलं मुखत्यारपत्र घ्या. पुस्तक बाजारात आल्यावर दुसऱ्या वारसाची नोटीस येणं आणि विक्री थांबणं हे प्रकार याच कारणाने घडतात. वारस सापडतच नसतील, किंवा विचारूनही नकार मिळत असेल, तर पहिल्या प्रकाशनानंतर ७ वर्षांनी सक्तीच्या (हक्कधारकाच्या संमतीविना मिळणाऱ्या) परवान्यासाठी अर्ज करण्याची तरतूद कायद्यात आहे. त्या भाषेत अनुवाद झालेला नसावा किंवा झालेला असल्यास तो मिळेनासा झालेला असावा, अशी अट आहे. प्रक्रिया लांबलचक आहे. सगळे मार्ग संपल्यावरच तिकडे वळा.

अनुवाद आणि रूपांतर यांची परवानगी एकच असते का?

कायद्यात हे दोन वेगळे हक्क आहेत. विंदा करंदीकरांचा 'राजा लिअर' हा अनुवाद. पु. ल. देशपांडे यांचं 'ती फुलराणी' हे रूपांतर, तिथे माणसं, समाज, बोली सगळं मराठी झालं आहे. परवानगी अनुवादाची घेऊन स्थळकाळ बदलला तर करारभंग होतो. संक्षिप्त आवृत्ती काढायची असेल तर तेही आधीच लिहून घ्या. "थोडं कमी केलं, कंटाळवाणं होतं" हे कारण मूळ लेखक मान्य करत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

मूळ भाषा किती यायला हवी?

बोली ऐकून बोलणाऱ्याचं वय, जात-वर्ग, राग आणि थट्टा ओळखता येईल इतकी. व्याकरणाची पदविका त्यापुढे दुय्यम आहे. भैरप्पांच्या कन्नड कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्या उमा कुलकर्णी यांची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. पती विरूपाक्ष कन्नड मजकूर वाचून दाखवत आणि त्या ऐकून मराठीत लिहीत. 'वंशवृक्ष'च्या अनुवादासाठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. लिपी हा अडथळा पार करता येतो. मराठी कच्चं असेल तर मात्र कशानेच भागत नाही. अनुवादकाने मूळ भाषेइतकंच किंवा जास्त मराठी वाचायला हवं, त्यातही जुनी आत्मचरित्रं, लोककथा, ग्रामीण आणि दलित साहित्य. शब्दकोशात न सापडणारा शब्दसाठा तिथे मिळतो.

नमुना म्हणून काय पाठवावं?

पहिलं प्रकरण पाठवायची पद्धत आहे, पण ते बहुधा सर्वांत सोपं असतं. १५ ते २० पानं द्या आणि ती तीन जागांहून निवडा: निवेदनाचा सलग भाग, संवाद, आणि पुस्तकातला सर्वांत अवघड उतारा. सोबत मूळ पानांची झेरॉक्स, ५०० शब्दांत सारांश आणि हे पुस्तक मराठीत का यावं याचा एक परिच्छेद. संपादक अवघड उताराच आधी वाचतो.

३०० पानांच्या कादंबरीला किती वेळ लागतो?

पानाला २८० शब्द धरले तर ८४,००० शब्द. रोज ८०० ते १,००० शब्दांचा पहिला खर्डा हा टिकणारा वेग आहे. आठवड्याला पाच दिवस काम केलं तर चार ते पाच महिने. त्यावर पुनर्लेखनाला दोन महिने आणि मुद्रितं (प्रूफं) तपासायला तीन आठवडे. नोकरी सांभाळून रोज ४०० शब्द होत असतील तर नुसत्या खर्ड्याला २१० कामाचे दिवस लागतील. प्रकाशकाला तारीख देताना हा हिशेब करूनच द्या. "तीन महिन्यांत देतो" म्हटलं की कात्री लागते ती पुनर्लेखनाला, आणि पुस्तक "अनुवादित वाटतं" ते त्यामुळेच.

काम प्रत्यक्ष कोणत्या क्रमाने करावं?

पुस्तक एकदा पेन न उचलता संपूर्ण वाचा. दुसऱ्या वाचनात दोन तक्ते करा. पहिला नावांचा: व्यक्ती, गावं, पदार्थ, वजनमापं, नाती, आणि प्रत्येकाचं ठरवलेलं देवनागरी लेखन. दुसरा संबोधनांचा: कोण कोणाला तू म्हणतो, कोण तुम्ही, कोण अहो-जाहो, आणि कथेत हे कुठे बदलतं.

या दुसऱ्या तक्त्यावर वेळ घालवा. इंग्रजीत एकच सर्वनाम असतं, मराठीत प्रत्येक वाक्यात निर्णय घ्यावा लागतो. हिंदीतलं मित्रांमधलं 'तुम' मराठीत 'तू' होतं, 'आप' बहुधा 'तुम्ही'. पन्नास-साठच्या दशकातल्या मराठी घरात मुलगा आईला अगं-तुगं करी आणि वडिलांना तुम्ही म्हणे. बंगाली किंवा कन्नड घरातलं तेच नातं मराठीत मांडताना काय स्वाभाविक वाटेल ते ठरवून, लिहून ठेवा. चाळीसाव्या पानावर तुम्ही म्हणणारी सून ऐंशीव्या पानावर विनाकारण तू म्हणू लागली की वाचकाचा विश्वास उडतो. तसंच 'आम्ही' आणि 'आपण' यांचं. ऐकणारा त्यात धरला आहे की नाही हे मूळ प्रसंगावरूनच कळतं. निवेदक स्त्री की पुरुष हे इंग्रजीत किंवा बंगालीत शंभर पानं लपवता येतं, मराठीत 'मी गेलो' किंवा 'मी गेले' लिहिताक्षणी उघड होतं. लेखकाने ते मुद्दाम लपवलं असेल तर वर्तमानकाळ, 'मला वाटलं', 'माझ्या हातून झालं' अशा रचना आधीपासून योजाव्या लागतात. मध्यावर लक्षात आलं तर सगळं मागे जाऊन बदलावं लागतं.

मग पहिला खर्डा. अडलेल्या जागी थांबू नका, पिवळी खूण करून पुढे जा. दुसरा हात मूळ पुस्तक शेजारी ठेवून, ओळीला ओळ लावून. गळलेली वाक्यं यात सापडतात, विशेषतः दोन लागोपाठची वाक्यं एकाच शब्दाने सुरू होत असतील तिथे. तिसरा हात मूळ पुस्तक बंद करून, मोठ्याने वाचत. या दोहोंमध्ये निदान पंधरा दिवस जाऊ द्या. मोठ्याने वाचताना जिथे श्वास अडतो ते वाक्य मोडा.

सर्वांत जास्त सापडणारे दोष कोणते?

कर्त्याची अनावश्यक पुनरुक्ती, कारण मराठी क्रियापदातूनच 'तो' की 'ती' हे कळतं. 'एक'चा भडिमार. प्रत्येक कर्मणी वाक्यात 'द्वारे' किंवा 'कडून'. सलग चार वाक्यांत 'जो-तो', 'ज्याने-त्याने'. आणि हिंदीवरून करताना ओळखीचे वाटणारे परके शब्द: हिंदीतली 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, 'आपत्ति' म्हणजे हरकत, 'यातायात' म्हणजे वाहतूक. जवळच्या भाषेवरून करणं सोपं असतं या समजुतीने हे दोष होतात.

बोलीभाषेबद्दल एक मत नोंदवतो. मूळ पुस्तकातल्या भोजपुरीला थेट मालवणी किंवा वऱ्हाडी करू नये. पात्र अचानक सावंतवाडीचं होतं. वाक्यरचना बोलकी ठेवा, काही शब्द ग्रामीण घ्या, पण एका जिल्ह्याचा शिक्का मारू नका.

फाइल कशी द्यायची?

युनिकोडमध्ये, वर्ड किंवा गूगल डॉक्समध्ये, इनस्क्रिप्ट किंवा कोणत्याही युनिकोड कळफलकावर टाइप करून. मांडणीकार ती बऱ्याचदा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये नेतो आणि तिथे चुका घुसतात. रूपांतरानंतरच्या मुद्रितात 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'वाऱ्यावर' यांतला ऱ, 'ॲ' आणि 'ऑ', 'क्ष', 'ज्ञ', 'श्र', अवतरणचिन्हं आणि आकडे मुद्दाम शोधून तपासा. मूळ टायपिंगमध्येच 'दुसर्या' असं लिहिलं असेल तर तो दोष फाँटचा नाही. र ऐवजी ऱ हे वेगळं अक्षर वापरून मग हलन्त आणि य द्यायचा असतो. शुद्धलेखन मराठी साहित्य महामंडळाच्या शासनमान्य १८ नियमांनुसार ठेवा. संवादात 'केलं' आणि निवेदनात 'केले' ठेवायचं की सगळीकडे एकच, हे संपादकाशी पहिल्या प्रकरणातच ठरवा.

पैसे कसे ठरतात?

दोन पद्धती आहेत: ठोक रक्कम किंवा रॉयल्टी. ठोक रक्कम शब्दांवर असेल तर शब्द कोणत्या भाषेतले मोजायचे ते लिहून घ्या. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला जोडून येतात, त्यामुळे हजार इंग्रजी शब्दांचे मराठीत आठशेच्या आसपास होतात. ८४,००० चे ६७,००० झाले आणि हिशेबापुरता शब्दामागे एक रुपया धरला, तर फरक १७,००० रुपयांचा पडतो.

रॉयल्टीत टक्केवारी कशावर, हे टक्क्यांइतकंच महत्त्वाचं. ४०० रुपयांचं पुस्तक, १,००० प्रती, छापील किमतीवर ५ टक्के म्हणजे पूर्ण आवृत्ती विकल्यावर २०,००० रुपये. तेच 'प्रत्यक्ष जमा रकमेवर' असेल आणि विक्रेत्याला ५० टक्के सूट दिली असेल तर १०,०००. अनुवादित पुस्तकात मूळ लेखकाचाही वाटा असतो, म्हणून अनुवादकाचा टक्का स्वतंत्र लेखनापेक्षा कमी येतो. नवोदिताने काही रक्कम आधी आणि दुसऱ्या आवृत्तीपासून रॉयल्टी असा मधला मार्ग मागावा. रकमेवर साधारणपणे १० टक्के टीडीएस कापला जातो. पॅन दिला नाही तर २० टक्के. विवरणपत्र भरल्यावर जास्तीचा कर परत मिळतो.

करारात काय तपासायचं?

हक्क हस्तांतरित करताना कायदा लेखी आणि सही केलेला दस्तऐवज मागतो. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं मानली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. "सर्व हक्क कायमचे" या ओळीवर सही करण्याआधी ई-बुक, ऑडिओ, पाठ्यपुस्तकातला उतारा आणि चित्रपट-मालिका यांचा वाटा वेगवेगळा लिहायला सांगा. नाव मुखपृष्ठावर आणि शीर्षकपानावर हवं, केवळ आतल्या श्रेयपानावर नको. प्रकाशक सज्जन असला तरी हे करारात लिहा. हक्क विकल्यानंतरही स्वतःचं नाव लावून घेण्याचा आणि मजकुराची मोडतोड रोखण्याचा अधिकार अनुवादकाकडे राहतो, हे अनेकांना माहीत नसतं. याशिवाय: संपादनानंतरचा मजकूर छपाईपूर्वी दाखवणं, मोफत प्रती, विक्रीचा हिशेब वर्षातून एकदा कधी मिळेल, आणि मूळ लेखकाची परवानगी रद्द झाली तर झालेल्या कामाचे पैसे.

यंत्राकडून पहिला खर्डा करून घेतला तर चालेल का?

प्रकाशकाला सांगितल्याशिवाय नाही. मूळ हक्कधारकाच्या करारात याला मनाई असू शकते. कामाच्या दृष्टीनेही साहित्यात त्याने वेळ वाचत नाही. तू आणि तुम्ही संवादाच्या मधेच बदलतात, एकाच नावाचं लेखन तीन तऱ्हांनी येतं, वाक्य गुळगुळीत असतं म्हणून चुकीचा अर्थ डोळ्यांखालून निसटतो. आणि सर्वांत वाईट म्हणजे त्या मजकुराची लय कानात बसते, ती नंतर निघत नाही.

सुरुवात कुठून करावी?

एका कथेपासून. दिवाळी अंकांचे संपादक साधारण जून ते ऑगस्टमध्ये साहित्य जमवतात, तेव्हा लेखकाची परवानगी जोडूनच कथा पाठवा. चार-पाच कथा छापून आल्या की प्रकाशकाशी बोलणं सोपं होतं. साहित्य अकादमी आणि नॅशनल बुक ट्रस्ट भारतीय भाषांमधले अनुवाद करून घेतात. ट्रस्टची 'आदान-प्रदान' माला त्यासाठीच आहे. म्हैसूरचं राष्ट्रीय अनुवाद मिशन ज्ञानविषयक ग्रंथांवर काम करतं. साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार १९८९ पासून दिला जातो. तो २४ भाषांसाठी आहे, ५०,००० रुपये आणि ताम्रपट.

अनुवाद करत राहिलो तर स्वतःचं लेखन मागे पडेल का?

वेळ जातो हे खरं. विंदांनी कविता लिहीत असताना ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र आणि 'फाउस्ट'चा पहिला भाग मराठीत आणला. साने गुरुजी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात तमिळ शिकले आणि 'कुरल' मराठीत आणला. दोघांचंही स्वतःचं लेखन थांबलं नाही. व्यवहारात एक पथ्य पाळा: स्वतःची कादंबरी चालू असताना तिच्या जातकुळीची कादंबरी अनुवादाला घेऊ नका. तेव्हा वैचारिक गद्य किंवा चरित्र घ्या.

हस्तलिखित देऊन दीड वर्ष झालं, प्रकाशक पुस्तकही काढत नाही आणि परतही देत नाही. आता काय?

आधी करार वाचा. हक्क घेणाऱ्याने ते एक वर्षात वापरले नाहीत आणि करारात वेगळं काही म्हटलेलं नाही, तर ते हस्तांतरण आपोआप संपुष्टात येतं. करारात "प्रकाशनाची मुदत प्रकाशकाच्या सोयीनुसार" असं असेल तर हे कलम कामी येत नाही, म्हणून सही करतानाच १२ किंवा १८ महिन्यांची मर्यादा घालून घ्यावी. दुसरी गोष्ट, मूळ लेखकाने दिलेल्या परवानगीची मुदत पाहा. ती परवानगी प्रकाशकाच्या नावावर असेल तर तुमचा मजकूर तुमचा झाला तरी दुसरीकडे छापण्यासाठी लेखकाकडून नवी परवानगी लागेल. लेखकाला आधी कळवा, त्यांचं म्हणणं लेखी घ्या आणि मगच प्रकाशकाला स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. त्यात करार केल्याची तारीख, हस्तलिखित दिल्याची तारीख आणि उत्तरासाठी ३० दिवस एवढंच असावं. ई-मेलची प्रत ठेवा आणि मुदत संपेपर्यंत तेच हस्तलिखित दुसऱ्या प्रकाशकाला दाखवू नका.